निघतानाच ठरलेली उत्तरं: बेलची असमानता नक्की काय नाकारते

प्रश्न असा आहे: “एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांपैकी एकाचं मापन केलं की दुसऱ्याची अवस्था त्याच क्षणी ठरते, मग तो कितीही लांब असो, असं म्हणतात. मग प्रकाशाच्या वेगाची मर्यादा मोडली नाही का? आणि दोन्ही कण निघतानाच आपापली उत्तरं ठरवून निघाले होते, असं साधं उत्तर का चालत नाही? अभिजात भौतिकी इथे नेमकी कुठे तोकडी पडते?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत. शंका अगदी रास्त आहे. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी लिहिलेल्या शोधनिबंधाचा गाभाही हाच होता. लांबच्या कणाला हातही न लावता त्याच्या मापनाचा निकाल खात्रीनं सांगता येत असेल, तर तो निकाल ठरवणारं काहीतरी तिथे आधीपासून असलंच पाहिजे. क्वांटम सिद्धांतात त्याची नोंद नाही, म्हणजे सिद्धांत अपुरा आहे. या युक्तिवादात सहजासहजी खोट काढता येत नाही. क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक असलेल्या नील्स बोर यांनी त्याच वर्षी दिलेलं उत्तर मी अनेकदा वाचलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यानं माझं कधीच समाधान झालेलं नाही.

जोडीतला एक हातमोजा एका पेटीत, दुसरा दुसऱ्या पेटीत. एका पेटीतून डावा निघाला की दुसरीत उजवा आहे हे लगेच कळतं. त्यासाठी कुठून कुठे काही धावत जात नाही. गुंतलेल्या फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, दोन्ही बाजूंना पोलरायझर (ठरावीक दिशेच्या ध्रुवीकरणाचाच प्रकाश पार जाऊ देणाऱ्या चाळण्या) एकाच कोनात ठेवले, तर येणारे निकाल या चित्रात चपखल बसतात. नेहमीच्या एका गुंतलेल्या अवस्थेत दोघांचं उत्तर कायम सारखं असतं: दोघेही पार, नाहीतर दोघेही अडले. एवढ्यापुरतं पाहिलं तर हातमोज्यांपलीकडे काहीच लागत नाही. केवळ या उदाहरणावरून जो कोणी विश्वाचं गूढ उलगडल्याची घोषणा करतो, त्याचं बोलणं मी तरी तिथेच ऐकायचं थांबवतो.

अडचण सुरू होते ती दोन बाजूंचे कोन वेगवेगळे ठेवल्यावर. जॉन बेल यांच्या हे १९६४ मध्ये लक्षात आलं. एरवी ते जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत कणभौतिकीचं काम करत; हा विषय त्यांनी फावल्या वेळात जोपासला होता. त्यांच्या युक्तिवादाचं जे रूप आज प्रयोगशाळेत वापरतात ते क्लाउझर, हॉर्न, शिमनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये दिलं. ते शाळेतल्या बीजगणितात मावतं, म्हणून इथे पूर्णच मांडतो.

डाव्या बाजूला पोलरायझरचे दोन कोन निवडता येतात, त्यांचे निकाल अ१ आणि अ२. उजव्या बाजूलाही दोन, त्यांचे निकाल ब१ आणि ब२. फोटॉन पार झाला तर +१, अडला तर −१. आता समजा कण निघतानाच उत्तरं ठरवून निघतात. मग फोटॉनांच्या प्रत्येक जोडीसाठी चार रकान्यांची एक ओळ लिहिता येईल: अ१, अ२, ब१, ब२, प्रत्येकात +१ किंवा −१. आपल्याला त्यातले दोनच रकाने वाचायला मिळतात, कारण एका फोटॉनवर एकाच कोनातून मापन होतं. पण ओळ पूर्ण आहे. न वाचलेल्या रकान्यांतही आकडे आहेत.

या ओळीतून पुढची राशी काढा:

अ१×ब१ + अ१×ब२ + अ२×ब१ − अ२×ब२

हीच राशी अ१×(ब१+ब२) + अ२×(ब१−ब२) अशीही लिहिता येते. ब१ आणि ब२ सारखे असतील तर दुसरा कंस शून्य आणि पहिला +२ किंवा −२. वेगळे असतील तर नेमकं उलटं. म्हणजे प्रत्येक ओळीची किंमत +२ किंवा −२, तिसरा पर्याय नाही. मग लाखो ओळींची सरासरी २ च्या वर जाणं शक्यच नाही. या सरासरीला एस म्हणतात, आणि एस २ च्या वर जात नाही हीच बेलची असमानता.

आता क्वांटम सिद्धांत काय सांगतो? दोन पोलरायझरमधला कोन जितका, त्याच्या दुपटीचं कोसाइन घ्यायचं. ती झाली दोन निकालांच्या गुणाकाराची सरासरी, म्हणजेच सहसंबंध. डावीकडे ०° आणि ४५°, उजवीकडे २२.५° आणि उणे २२.५° ठेवा. चार जोड्यांपैकी तिघींमध्ये फरक २२.५°, म्हणून प्रत्येकी ०.७०७. चौथीत फरक ६७.५°, म्हणून उणे ०.७०७, आणि राशीत तिच्यामागे वजाचं चिन्ह आहे. बेरीज २.८३. चार रकान्यांची ओळ मानली तर कमाल २, सिद्धांत सांगतो २.८३. हा फरक मोजमापातल्या चुकीचा म्हणून सोडून देण्याएवढा किरकोळ नाही.

बारकाईनं पाहायचं तर फक्त २२.५° फरकाचा बिंदू घ्या. आधी ठरलेल्या उत्तरांचं सगळ्यात सरळ प्रारूप असं: प्रत्येक जोडी आपल्यासोबत एक दिशा घेऊन निघते, आणि पोलरायझर त्या दिशेपासून ४५° च्या आत असेल तर फोटॉन पार. यात सहसंबंध ०° ला १, ४५° ला ०, आणि मध्ये सरळ रेषा. २२.५° ला ०.५, म्हणजे शंभरातल्या ७५ वेळा उत्तरं जुळणार. क्वांटम सिद्धांतात तीच जुळणी साधारण ८५ वेळा. दोन्ही टोकांना दोघांचं एकमत, आणि मधल्या भागात कोसाइनची कमान सरळ रेषेच्या वर उचललेली. सगळा वाद या दहा टक्क्यांत आहे. १९३५ ते १९६४ या काळात तो कोणाच्या नजरेत आला नाही, कारण सगळे टोकांकडेच पाहत होते.

बेलचा युक्तिवाद लोकांना गणितापेक्षा गृहीतकांत चकवतो. वरच्या ओळीत अ१ च्या रकान्यात मी एकच आकडा लिहिला. उजवीकडे ब१ मोजलं तर एक आणि ब२ मोजलं तर वेगळा, असे दोन लिहिले नाहीत. स्थानिकता, म्हणजे एका बाजूच्या निकालावर लांबच्या बाजूच्या निवडीचा परिणाम होत नाही हे, नेमकी इथे गृहीत धरली आहे. दुसरं, कोणते रकाने वाचायचे याची आपली निवड ओळीतल्या आकड्यांशी संगनमत करत नाही, हेही मानलं आहे. ‘कण आधी ठरवून निघत नाहीत, पोलरायझरजवळ आल्यावर फासे टाकतात’ असं म्हणून सुटका होते का? होत नाही. प्रत्येक बाजूचे फासे फक्त त्या बाजूचा कोन आणि उगमाहून सोबत आलेली माहिती एवढ्यावरच अवलंबून असतील, तर तेच निकाल वरच्यासारख्या ओळींच्या मिश्रणातूनही मिळवता येतात, आणि मर्यादा पुन्हा २ च.

आता प्रकाशाच्या वेगाकडे वळू. यासाठी थेट प्रयोगाच्या टेबलावर काय दिसतं ते सांगतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर बीटा बेरियम बोरेटच्या पातळ स्फटिकांतून जातो. त्यातला एखाददुसरा फोटॉन फुटून ८१० नॅनोमीटरचे दोन होतात, आणि मांडणी नीट असेल तर ते ध्रुवीकरणाच्या बाबतीत गुंतलेले असतात. दोन्ही बाजूंना पोलरायझर आणि डिटेक्टर. पडद्यावर तीन आकडे पळत असतात: डावा काउंट, उजवा काउंट, आणि दोन्हीकडे एकाच वेळी झालेल्या नोंदी, म्हणजे कोइन्सिडन्स. उजवा पोलरायझर हळूहळू फिरवा. डावा काउंट हलत नाही. उजवाही जवळजवळ जागच्या जागी. कोइन्सिडन्सचा आकडा मात्र भरती-ओहोटीसारखा वर-खाली होतो.

नवखा विद्यार्थी बहुधा डाव्या काउंटरवर डोळे लावून बसतो. तिथे काहीतरी उमटेल अशी त्याची अपेक्षा असते. उमटत नाही, आणि सिद्धांतानुसारही उमटायला नको: उजवीकडे कोणताही कोन ठेवा, अगदी मापनच करू नका, डावीकडे पार आणि अडलेल्यांचं प्रमाण पन्नास-पन्नासच. डाव्या बाजूच्या माणसाला फक्त स्वतःच्या नोंदी पाहून उजवीकडे काय चाललं आहे याचा सुगावाही लागत नाही. सहसंबंध दिसतो तो दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि दुसरी यादी तुमच्यापर्यंत प्रकाशाच्या वेगानं किंवा त्याहून सावकाशच येणार. म्हणून या मार्गानं संदेश पाठवता येत नाही. ज्या कोणी पाठवता येतो असा दावा केला, त्याच्या मांडणीत कुठेतरी कोइन्सिडन्सचा आकडा चोरपावलांनी एका बाजूच्या काउंटची जागा घेत असतो.

‘त्याच क्षणी’ या शब्दांतही घोळ आहे. दोन मापनं इतक्या लांबवर आणि इतक्या कमी अंतरानं झाली की प्रकाशही एकीकडून दुसरीकडे पोचू शकत नाही, तर आधी कोणतं झालं हे निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असतं. एकाच्या दृष्टीनं डावं आधी, दुसऱ्याच्या दृष्टीनं उजवं. मग कोणी कोणाची अवस्था ठरवली? क्वांटम सिद्धांताची भाकितं दोघांसाठी तीच राहतात, म्हणून सापेक्षतावादाशी उघड भांडण होत नाही. पण ‘यानं त्याला बदललं’ या वाक्यातल्या बाणाला ठाम दिशाच उरत नाही.

प्रयोगांकडे परत येतो, कारण इथे बऱ्याच खाचाखोचा आहेत आणि माझा जन्म त्यांतच गेला आहे. एस २ च्या वर न्यायचा तर कोइन्सिडन्सच्या चढउताराची स्पष्टता (कमाल आणि किमान आकड्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज) किमान ७१ टक्के लागते, कारण साध्या गोंगाटात एस त्याच प्रमाणात घटतो. एकमेकांशी संबंध नसलेले फोटॉन योगायोगानं एकाच वेळी नोंदले जातात, तेही ही स्पष्टता कमी करतात. प्रत्येक बाजूला सेकंदाला ५०,००० नोंदी आणि ‘एकाच वेळी’ची व्याख्या ५ नॅनोसेकंद धरली, तर सेकंदाला सुमारे १२ नोंदी निव्वळ योगायोगाच्या. त्या वजा कराव्यात की नाही यावर मतभेद होतात. माझं म्हणणं, वजा न करता एस २ च्या वर जात असेल तरच छातीठोक बोला. वजा केल्यास तसं लिहा.

याहून मोठी खोच डिटेक्टरची. शिकवण्याच्या प्रयोगात निघालेल्या फोटॉनांपैकी बरेचसे वाटेत हरवतात. जे सापडले ते सगळ्यांचे प्रातिनिधिक आहेत असं आपण मानतो. पण ठरवून निघालेले कण ‘या कोनाला मी सापडणारच नाही’ असंही ठरवून निघू शकतात, आणि मग अगदी स्थानिक यंत्रणाही २.८३ दाखवू शकते! ही पळवाट बंद करायला वर सांगितलेल्या मापनांत दोन्ही बाजूंची कार्यक्षमता ८३ टक्क्यांच्या आसपास लागते. कमी गुंतलेली अवस्था वापरली तर दोनतृतीयांशाहून थोडी जास्त पुरते, हे एबरहार्ड यांनी १९९३ मध्ये दाखवलं. दुसरी पळवाट वेळेची: कोन खूप आधी ठरवून ठेवले तर त्याची खबर दुसऱ्या बाजूला पोचायला सवड मिळते.

१९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनांवर पहिली चाचणी केली. निकाल क्वांटम सिद्धांताच्या बाजूनं लागला, पण दोन्ही पळवाटा उघड्या होत्या. १९८२ मध्ये पॅरिसजवळच्या ऑर्सेला आस्पे, दालिबार आणि रोजे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलण्याची सोय केली. १९९८ मध्ये इन्सब्रुकच्या गटानं ४०० मीटर अंतरावर कोन यदृच्छेनं निवडले. दोन्ही पळवाटा एकदम बंद व्हायला २०१५ उजाडलं. डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन गुंतवले गेले. ते दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. त्यांनी सोडलेले फोटॉन मधल्या ठिकाणी भेटले आणि त्या भेटीतून इलेक्ट्रॉन गुंतले. फायदा असा, की भेट यशस्वी झाल्याची खूण मिळाली की दोन्ही इलेक्ट्रॉन दर वेळी उत्तर देतातच, हरवायला काही उरत नाही. तोटा असा, की अशा भेटी फार विरळ: २४५ मापनं मिळाली, एस २.४२ आला, आणि अनिश्चितता ०.२०. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा निकाल एकटा फार भक्कम नव्हता. त्याच वर्षी व्हिएन्नात आणि अमेरिकेच्या निस्ट संस्थेत अतिवाहक डिटेक्टर वापरून फोटॉनांवर झालेल्या प्रयोगांनी ती कसर भरून काढली. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना मिळालं. बेल १९९० मध्येच गेले होते.

तर मग मोडलं काय? पुष्कळ पाठ्यपुस्तकं सांगतात, ‘स्थानिक वास्तववाद’ मोडला, तेव्हा वास्तववाद (मूल्यं मापनाआधीच ठरलेली असतात हे मानणं) सोडा आणि स्थानिकता वाचवा. मला ही सवलत स्वस्तात मिळालेली वाटते. आधी ठरलेली मूल्यं हे मुळात स्वतंत्र गृहीतक नव्हतंच; एकाच कोनात मिळणारी शंभर टक्के जुळणी आणि स्थानिकता या दोन्हींतून ती मूल्यं निष्पन्न होत होती. नुसतं ‘मापनाआधी मूल्यं नसतात’ म्हटलं की २२.५° वरच्या ८५ टक्क्यांचं कारण मिळतं असं नाही. कारण विचारायचंच नाही, एवढंच ठरतं. काही जण जाणूनबुजून तीच भूमिका घेतात, आणि ती विसंगत नाही. पण तिची किंमत सांगायला हवी. उरलेल्या वाटा अशा: प्रत्येक मापनाला एकच निकाल मिळतो हे नाकारायचं, मग अनेक विश्वं आली; किंवा आपली कोनांची निवडच कणांशी आधीपासून जुळलेली होती म्हणायचं. शेवटची वाट मला पटत नाही, कारण तीच मुभा दिली तर कोणत्याही विषयातला कोणताही यादृच्छिक प्रयोग निरर्थक ठरवता येईल.

आता ‘अभिजात वर्णनाची मर्यादा’ नेमकी कुठे ते सांगता येतं. अभिजात वर्णन अशक्य नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये कणांना सदैव निश्चित जागा देणारा सिद्धांत मांडला आणि त्याची भाकितं क्वांटम सिद्धांताशी तंतोतंत जुळतात. फक्त त्यात एका कणाची गती त्याच क्षणी दुसऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. बेल यांनी तो वाचला, आणि ही अस्थानिकता टाळता येईल का या प्रश्नातूनच त्यांचं प्रमेय निघालं. त्याहून गमतीची गोष्ट २००३ मधली. टोनर आणि बेकन यांनी दाखवलं की दोन्ही बाजूंना आधी ठरवलेल्या सामायिक यादृच्छिक आकड्यांसोबत प्रत्येक जोडीमागे एका बाजूकडून दुसरीकडे फक्त एक बिट संदेश पाठवायची परवानगी दिली, तर कमाल गुंतलेल्या दोन क्यूबिटांचे (दोनच पर्यायी निकाल देणाऱ्या क्वांटम प्रणालींचे, जसं फोटॉनचं ध्रुवीकरण) साध्या, पार-अडला छापाच्या प्रक्षेप मापनांतले सगळे सहसंबंध अभिजात यंत्रंही हुबेहूब वठवू शकतात. एक बिट! पण तो बिट प्रकाशापेक्षा वेगानं गेला पाहिजे, आणि निकालांत त्याचा मागमूस राहता कामा नये. अभिजात वर्णन तोकडं पडतं ते इथे: सगळं सांगायला त्याला असा एक निरोप्या लागतो, जो निसर्गात कुठेच पकडता येत नाही.

दुसऱ्या बाजूनंही एक कुंपण आहे, आणि माझ्या मते तेच अधिक कुतूहलाचं आहे. १९८० मध्ये सिरेलसन यांनी सिद्ध केलं की क्वांटम सिद्धांतात एस २.८३ च्या, नेमकं सांगायचं तर २ गुणिले २ च्या वर्गमुळाच्या, वर जाऊच शकत नाही. राशीत चार पदं आहेत, म्हणजे गणितानं ४ पर्यंत जायला हरकत नव्हती. संदेश पाठवता येऊ नये या अटीमुळे ही मर्यादा येत असेल असं वाटेल, पण पोपेस्कू आणि रोरलिख यांनी १९९४ मध्ये अशी काल्पनिक पेटी मांडली की तिच्यात एस पूर्ण ४ येतो आणि तरीही एका बाजूकडून दुसरीकडे काहीच कळवता येत नाही. म्हणजे सापेक्षतावादाला ४ चालला असता. निसर्ग २ वर थांबत नाही आणि ४ पर्यंत जात नाही. हिल्बर्ट अवकाशाचं, म्हणजे क्वांटम अवस्था ज्यात मांडतात त्या चौकटीचं, गणित आधीच मान्य केलं तर २.८३ लगेच मिळतो. ते न मानता, एखाद्या साध्या भौतिक तत्त्वावरून क्वांटम सहसंबंधांची सगळी हद्द आखायचे प्रयत्न अजून चालू आहेत, आणि सर्वमान्य उत्तर अद्याप हाती नाही.